नानांचं हार्ट फेल्युअर क्लिनिक: सिस्टरला पाच स्टार, फोनला शून्य

नानांचं हार्टचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलंय हे कळल्यापासून दर महिन्याला नाशिकरोडहून द्वारका चौकाचं ट्रॅफिक झेलत आम्ही या क्लिनिकला येतोय, चार चकरा झाल्या म्हणून आता लिहितेय. डॉक्टर चांगलेच आहेत, ते सगळेच सांगतात. मला बोलायचंय ते तिथल्या एका कागदाबद्दल.

डॉक्टरांच्या आधी सिस्टर नऊ प्रश्नांचा फॉर्म देते, पेशंट घरी स्वतःला किती सांभाळतो ते मोजायला. रोज वजन करता का, मीठ कमी खाता का, व्यायाम करता का वगैरे, प्रत्येकाला १ ते ५. नाना प्रेसमधून रिटायर, बोर्डाचा पेपर असल्यासारखा चष्मा पुसून फॉर्म भरला. बेरीज ११. ४५ पैकी ११ बघून चेहराच उतरला, "नापास का गं मी?" मग सिस्टरने सांगितलं की यात १ म्हणजे पूर्ण सहमत, म्हणून बेरीज जितकी कमी तितकं चांगलं. स्वारी एकदम खुश! (घरी येऊन शोधलं तर हा प्रश्नसंच युरोपातला निघाला, २००३ मध्ये १२ प्रश्न होते, २००९ मध्ये ९ वर आणले. अमेरिकेचा एक वेगळा आहे त्यात सगळं उलटं, १०० पैकी ७० किंवा जास्त आले तर ठीक. आता यात म्हाताऱ्या माणसाने काय समजायचं.)

पण सिस्टर हुशार. फॉर्म बाजूला ठेवला आणि सहज विचारलं, "बाबा, आज सकाळी वजन किती भरलं?" नाना म्हणाले, साधारण बहात्तर. "साधारण नको, काटा कुठंय?" काटा दिवाणाखाली, सेल दिवाळीपासून संपलेले, हे मलाच सांगावं लागलं. मिठाचं विचारलं तर भाजी अळणीच असते म्हणे, तेवढ्यात आई बोलली, "आणि पापड? लोणचं? रविवारची मिसळ?" गोळ्या घेतात, पण बाहेर जायचं असलं की लघवीची गोळी गुपचूप गाळतात, कारण बसमधून उतरणार कुठे. हे आम्हालाही माहीत नव्हतं! सिस्टर रागावली नाही, डॉक्टरांना विचारून आली आणि त्या दिवशीची गोळी घरी परतल्यावर घ्यायची असं लिहून दिलं. नवीन बेरीज २६. खरी ती हीच.

फॉर्मचं मराठी मात्र कुणीतरी सुधारा. "मी द्रव सेवन मर्यादित ठेवतो" वाचून नाना तडकले, मी आयुष्यात थेंबाला शिवलेलो नाही! अहो, दिवसभरात पाणी, चहा, ताक, मिसळीचा रस्सा सगळं धरून दीड-दोन लिटरच्या आत, असं साधं लिहा ना.

आता खरी तक्रार. नऊपैकी चार प्रश्न हेच आहेत की दम वाढला, पाय सुजले, आठवड्यात २ किलो वजन वाढलं किंवा जास्त थकवा आला तर तुम्ही डॉक्टरला किंवा नर्सला कळवता का. मागच्या महिन्यात नानांचे पाय सुजले, शनिवारी संध्याकाळी चार वेळा फोन लावला, आधी रिंग वाजून बंद, मग रिसेप्शनवाली म्हणते सोमवारची अपॉइंटमेंट देऊ का. म्हणजे पेशंटने कळवलं नाही तर मार्क त्याचे जाणार, आणि उचललाच नाही तर तुमचे कोण मोजणार? शेवटी सोमवारीच दाखवलं, गोळी वाढवली, सूज उतरली, पण ते दोन दिवस आमचे कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत.

बाकी वेटिंग दीड तास धरून चला, फॉर्मची अक्षरं बारीक आहेत, चष्मा विसरू नका. साडेतीन स्टार, त्यातले तीन एकट्या सिस्टरचे. काट्यात नवीन सेल टाकलेत, वही फ्रिजवर ठेवलीय, आज सकाळी ७१.४, आणि आकडा नानांनी नाही, आईने लिहिलाय.