खुब्याच्या बाहेरचं दुखणं: लेझर, व्यायाम की इंजेक्शन?

कुशीवर वळलं की खुब्याच्या हाडावर कळ येते. जिना चढताना तीच जागा ठणकते. सलवार घालताना एका पायावर क्षणभरही उभं राहवत नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये हे दुखणं फार दिसतं, पुरुषांमध्ये त्या मानाने कमी. रिपोर्टवर कधी ‘ट्रोकँटेरिक बर्सायटिस’ असतं, कधी ‘ग्लुटीअल टेंडिनोपथी’. पूर्वी सगळा दोष हाडाजवळच्या पाण्याच्या पिशवीला दिला जायचा. सोनोग्राफी आणि एमआरआय सर्रास होऊ लागल्यावर कळलं, की बहुतेकांचं मूळ दुखणं कुल्ल्याचे स्नायू जिथे हाडाला धरतात त्या कंडरांचं, म्हणजे टेंडनचं असतं.

मी इंदूरमध्ये फिजिओथेरपी करते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या काकू-मावश्या हा रिपोर्ट घेऊन येतात तेव्हा पहिला प्रश्न हल्ली लेझरचा असतो: “लेझरने बरं होतं म्हणे, किती वेळा यावं लागेल?” आपल्या शहरात या शब्दाला वजनही आहे. राजेंद्र नगरच्या पुढे ‘कॅट’, म्हणजे आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, १९८४ पासून उभं आहे आणि लेझरचं संशोधन हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक. ज्यांच्या घरातलं कुणी तिथे नोकरीला होतं त्यांना लेझर आपल्या घरचाच वाटतो. पण दवाखान्यातला लेझर काय करू शकतो हे कुठल्या कंडरेवर तो लावायचा यावर अवलंबून आहे, आणि खुब्याची जागा त्या दृष्टीने अवघड आहे.

आधी त्याची बाजू नीट मांडते, कारण हे थोतांड नाही. १९६७ मध्ये बुडापेस्टच्या एंड्रे मेस्टर यांनी उंदरांच्या भादरलेल्या कातडीवर मंद लेझर सोडला आणि तिथले केस लवकर वाढलेले पाहिले. तिथून ही शाखा सुरू झाली. साधारण ६०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल किंवा त्याच्या पलीकडचा न दिसणारा प्रकाश, तोही त्वचा भाजणार नाही इतका मंद. पेशीतल्या मायटोकाँड्रियामधलं एक एन्झाइम तो शोषून घेतं, पेशीला ऊर्जा जास्त मिळते आणि दाह कमी होतो, असं त्याचं सर्वात मान्य स्पष्टीकरण आहे. कॅन्सरच्या उपचारात तोंड येतं, ते टाळण्यासाठी हा उपचार आज मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे. मानेच्या दुखण्यावर १६ चाचण्यांचा एकत्र आढावा २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, तोही अनुकूल होता.

कंडरांचं चित्र मात्र अर्धं-अर्धं आहे. २०१० मधल्या एका आढाव्यात २५ चाचण्या घेतल्या होत्या. १२ मध्ये फायदा दिसला, १३ मध्ये दिसला नाही किंवा निष्कर्ष निघाला नाही. टाचेच्या मोठ्या कंडरेचं उदाहरण बोलकं आहे. २००८ मध्ये ५२ हौशी खेळाडूंवर व्यायाम अधिक लेझर असा प्रयोग झाला आणि लेझरवाल्यांचं दुखणं लवकर उतरलं. २०१२ मध्ये ४० जणांवर जवळपास तसाच प्रयोग झाला. १२ आठवड्यांनी खरा लेझर आणि बंद लेझर यांत काही फरक सापडला नाही.

आता खुब्याचं बघा. टाचेची कंडरा कातडीखाली लगेच हाताला लागते, कोपराची तशीच. खुब्यावर आधी त्वचा, मग चरबी, मग मांडीच्या बाहेरून जाणारा जाड पट्टा आणि त्याखाली कंडरा. आपल्याकडच्या पन्नाशीतल्या बाईच्या त्या जागी चरबीचाच थर चांगला जाड असतो. प्रकाश प्रत्येक थरात विखुरतो आणि शोषला जातो. वरून सोडलेल्यातला फार थोडा भाग खाली पोचतो आणि किती पोचला हे बाहेरून मोजता येत नाही. खुब्याच्या या कंडरेवर मंद लेझर स्वतंत्रपणे तपासणाऱ्या चांगल्या चाचण्याही फार थोड्या आहेत. टाचेवर चाललं म्हणून इथे चालेल असं मी कुणालाही सांगत नाही.

व्यायामाची बाजू याच्या अगदी उलट आहे: दिसायला साधी, पण पुरावा भक्कम. ऑस्ट्रेलियातली २०४ जणांची चाचणी २०१८ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. एका गटाला शिकवणी आणि व्यायाम, दुसऱ्याला स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, तिसऱ्याला फक्त थोडी माहिती देऊन ‘थांबा आणि पाहा’. आठ आठवड्यांनी ‘बरंच बरं वाटतंय’ म्हणणारे व्यायामात ७७ टक्के, इंजेक्शनमध्ये ५८, थांबलेल्यांत २९. वर्षानंतर ७९, ५८ आणि ५२. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की वर्षाच्या शेवटी दुखण्याची नुसती तीव्रता मोजली तर व्यायाम आणि इंजेक्शन यांत फरक उरला नव्हता. फरक होता तो एकंदर बरं वाटण्यात.

त्या चाचणीतला ‘शिकवणी’ हा शब्द लोक सोडून देतात, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. मांडी शरीराच्या मध्याकडे आली की बाहेरचा जाड पट्टा ताणला जातो आणि कंडरा हाडाच्या उंचवट्यावर दाबली जाते. दिवसभर हे आपण नकळत करत असतो. ओट्याशी पोळ्या लाटताना सगळा भार एका पायावर टाकून कंबर बाहेर काढणं. नातवाला कायम त्याच कडेवर घेणं. खुर्चीत पायावर पाय टाकून बसणं. रात्री कुशीवर झोपल्यावर वरचा गुडघा पुढे गादीवर टेकू देणं. मी बायकांना आरशासमोर उभं करते आणि कडेवर पिशवी घ्यायला सांगते. कंबर किती बाहेर जाते ते त्यांना स्वतःला दिसतं, मग वेगळं समजवावं लागत नाही. दोन गुडघ्यांमध्ये जाडशी उशी ठेवली की काहींची रात्र पहिल्याच आठवड्यात सुधारते. आणि “नस आखडलीय” म्हणून पाय दुसऱ्या बाजूला ओढून ताणण्याचा जो प्रकार चालतो तो आधी थांबवा, त्याने कंडरा आणखी दाबली जाते.

व्यायाम म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलणं, खुर्चीतून हातांचा आधार न घेता हळू उठणं-बसणं, भिंतीच्या आधाराने आडवी पावलं टाकणं, आणि दर काही दिवसांनी थोडा भार वाढवणं. करताना थोडं दुखलं तर चालतं. त्या रात्री दुखणं वाढलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं. अडचण एकच, पण मोठी: फळ यायला आठवडे लागतात आणि रोज करावं लागतं. त्या चाचणीत आठ आठवड्यांत फिजिओथेरपिस्टकडे १४ भेटी होत्या. कागदावर चित्रं छापून दिली आणि घरी पाठवलं, असं नव्हतं.

इंजेक्शन सगळ्यात लवकर काम करतं हे खरं. दुखण्याने झोप पार उडाली असेल तर एकदा घेण्यात मला गैर वाटत नाही, फक्त त्या शांत आठवड्यांत व्यायाम सुरू व्हायला हवा. पुन्हा पुन्हा घेतलेलं स्टेरॉइड कंडरेला कमकुवत करू शकतं. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा आणि ग्लुकोमीटर जवळ ठेवा.

यंत्रानेच काही करून घ्यायचं असेल तर या जागेसाठी लेझरपेक्षा शॉकवेव्हचा, म्हणजे बाहेरून दिलेल्या जोरकस ध्वनिलहरींच्या ठोक्यांचा, पुरावा बरा आहे. २००९ मध्ये २२९ जणांवर शॉकवेव्ह, घरचा व्यायाम आणि इंजेक्शन यांची तुलना झाली. महिन्याने इंजेक्शन खूप पुढे होतं. चार महिन्यांनी बरं वाटणारे शॉकवेव्हमध्ये ६८ टक्के आणि व्यायामात ४१. पंधरा महिन्यांनी व्यायाम ८० टक्के, शॉकवेव्ह ७४, इंजेक्शन ४८. शॉकवेव्ह लावताना दुखतं, हे आधी माहीत असू द्या. पीआरपीचा, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग टोचण्याचा, खर्च मोठा आहे आणि पहिल्या पायरीवर त्याची गरज नसते.

कुठलाही मार्ग धरण्याआधी दुखण्याची जागा खात्रीची हवी. जांघेत दुखत असेल तर सांध्याकडे बघायला हवं. पायाच्या पंज्यापर्यंत मुंग्या जात असतील तर कमरेकडे. पडल्यानंतर पायावर भार टाकता येत नसेल, ताप असेल, वजन घटत असेल, किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असेल, तर मशीनवाल्याकडे न जाता थेट हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

पैसे आणि वेळ एकाच गोष्टीपुरते असतील तर ते समोर उभं राहून व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टवर घालवा. सुदामा नगरहून पलासियाला आठवड्यातून तीनदा ऑटोने जाऊन दहा मिनिटं लेझरखाली पालथं पडून यायचं आणि व्यायाम राहून जायचा, यात फार नुकसान आहे. व्यायाम सुरू आहे, इंजेक्शन नको आहे, आणि थोडा आराम मिळाला तर जोर धरता येईल, अशांनी लेझर जोडीला घ्यायला माझी हरकत नाही.

घेतलात तर मात्र विचारून घ्या: तरंगलांबी किती, मिलिवॉट किती, प्रत्येक बिंदूवर किती सेकंद. गणित सोपं आहे. १०० मिलिवॉटचा लेझर एका जागी १० सेकंद धरला तर १ जूल ऊर्जा जाते. लेझर उपचारांची जागतिक संघटना कंडरांसाठी तरंगलांबीप्रमाणे प्रत्येक बिंदूला किती जूल हवेत याचे तक्ते देते. जिथे या तिन्ही आकड्यांचं उत्तर मिळत नाही, तिथे काय दिलं जातंय हे त्यांनाही माहीत नसतं. लाल दिव्यांच्या घरगुती पट्ट्यांचा प्रकाश पसरट आणि क्षीण असतो. खुब्याच्या खोलीसाठी त्या मी सुचवत नाही.

सुरू करण्याआधी फक्त दुखऱ्या पायावर उभं राहून बघा आणि कितव्या सेकंदाला दुखायला लागतं ते लिहून ठेवा. चार आठवड्यांनी तेच पुन्हा करा. रात्रीची झोप आणि जिना यांतही फरक नसेल तर लेझर बंद करा, व्यायाम चालू ठेवा. डोळ्यांवर त्याच लेझरसाठीचा चष्मा घातल्याशिवाय मशीन सुरू करू देऊ नका. उन्हाने अंगावर चट्टे आणणारी औषधं चालू असतील किंवा गरोदर असाल तर ते आधीच सांगा.