लोकल साउंड बॉक्स: डबा घ्या, पॅकिंग मात्र वेगळं आणा

जळगाव-धुळ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत छोट्या चारचाकी गाड्यांसाठी बिनकंपनीचा मागचा साउंड बॉक्स, म्हणजे धुराच्या पाइपवरचा आवाज दाबणारा सायलेन्सरचा डबा, सहज मिळतो. दोन बोल्टच्या फ्लँजवर (पाइपच्या तोंडाच्या चपट्या जोडपट्टीवर) बसणारा असेल तर तो घरी बदलता येतो, आणि डबा म्हणून पैसे वसूल करतो. रडगाणं सोबतच्या सामानाचं आहे. पॅकिंग (जोडात धूर अडवणारी चकती) पातळ असतं, तापून बसतं आणि जोडातून फटफट सुरू होते. पॅकिंग, नट-बोल्ट आणि डबा टांगायचे रबर कंपनीचेच घ्या.

दुकानातच तपासायचं ते असं. जुन्या डब्याच्या फ्लँजची भोकं आणि हुकांच्या जागा नव्याशी जुळवा. पाइप डब्यात शिरतो तिथे वेल्डिंग पूर्ण गोल फिरलेलं हवं, नुसते टाके नकोत. खालच्या बाजूला पाणी निघायचं बारीक भोक असेल तर ते रंगाने बुजलेलं नाही ना, हे बघा. घर ते बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत डबा पुरता तापत नाही, आत पाणी साचतं आणि तो आतून गंजतो. बाहेरून पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल थापून बसतो, ओल धरतो आणि शिवण खातो. म्हणून चिखलाच्या रस्त्यावर फिरणाऱ्यांनी डबा मधूनमधून पाण्याने धुवावा.

काम सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना करा. वैशाखात उन्हात उभ्या गाडीचा डबा तसाच चटका देतो. जॅक मातीत खचतो, त्यामुळे फरशीवरच लावा, चाकांना दगड द्या आणि स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली शिरू नका. बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्रीच मारा. उघड्या तोंडाच्या पान्याने डोकं गोल होतं, रिंग पाना किंवा सॉकेटच वापरा. बोल्ट हलत नसेल तर आधी किंचित आवळा, मग सोडा. तुटलाच तर हॅक्सॉने कापा. पेट्रोलची टाकी जवळ असते, ग्राइंडरच्या ठिणग्या तिथे नकोतच. रबर निघत नसतील तर साबणाचं पाणी लावा. ऑइलने रबर फुगतं.

बसवताना फ्लँजवरचं जुनं पॅकिंग खरवडून काढा. डबा आधी रबरांवर टांगा, नवं पॅकिंग ठेवून नट हातानेच फिरवा, बंपरपासून अंगठाभर जागा आहे ना ते पाहा, आणि मगच दोन्ही बोल्ट आलटून-पालटून आवळा. एकच बाजू आधी आवळली की फ्लँज तिरकी बसते. नंतर इंजिन सुरू करून, जोड गार आहे तोवरच त्यावर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर पुन्हा उघडा. हे टाळू नका, कारण गळणारा धूर डिकीतून आत शिरतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पहिल्या दिवशी रंग जळून थोडा धूर येतो, तो आपोआप थांबतो. शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट एकदा परत आवळा.

ज्यांच्या गाडीत डबा पाइपला वेल्ड केलेला आहे, त्यांनी हा घरी बसवायच्या नादी लागू नये. वेल्डरकडे जा, आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा, नाहीतर ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जळण्याची भीती असते.