पाडवा ते संक्रांत: घरच्या कॉफी मशीनचे दहा महिने

गुढीपाडव्याला पुण्यात आमच्या बावधनच्या घरी ते मशीन आलं. वरून बिया टाकायच्या, बटण दाबायचं, खाली कॉफी. परवा संक्रांत झाली. रोजचे चार कप धरले तर दहा महिन्यांत १,२०० कप तरी झाले असतील. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. उन्हाळा, पावसाळा, गणपती आणि मशीनचं एक मोठं दुखणं पाहून झाल्यावर आता लिहिते आहे. किंमत ५८ हजार पडली. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते चाळीस हजारांपासून लाखापर्यंतच्या जवळजवळ सगळ्याच घरगुती मशीनना लागू पडतं.

घेताना आम्ही पडद्यावरची पेयं मोजली. बारा होती. आज आम्ही त्यातली तीनच करतो: एस्प्रेसो, कापुचिनो आणि साधी काळी कॉफी. जे विचारायला हवं होतं ते आम्हाला सुचलं नाही आणि दुकानातही कुणी सांगितलं नाही. रोज किती भाग धुवावे लागतात? ते सहज हाती येतात का? आणि आत जिथे कॉफी गाळली जाते तो भाग बाहेर निघतो का? माझ्या मते घरच्या मशीनची निवड या तीन प्रश्नांवर व्हावी. बाकी सगळं नंतर.

आत काय घडतं ते कळलं की मी असं का म्हणते ते पटेल. बटण दाबलं की बिया जात्यासारख्या दोन दातेरी चकत्यांमध्ये दळल्या जातात, एका कपाला साधारण ७ ते ११ ग्रॅम. ती पूड एका गोल कप्प्यात पडते आणि दट्ट्या ती दाबून तिची घट्ट वडी करतो. आधी जरासं गरम पाणी सोडून वडी भिजवली जाते, क्षणभर सगळं थांबतं, आणि मग पंप नव्वद अंशांच्या आसपास तापलेलं पाणी तिच्यातून जोरानं ढकलतो. कप भरला की दट्ट्या मागे सरतो आणि चोथ्याची वडी आतल्या डब्यात पडते. दळणं, दाबणं, गाळणं, चोथा झटकणं ही कॅफेतल्या माणसाची सगळी कामं मिनिटाभरात होतात. घरासाठी असं पूर्ण स्वयंचलित मशीन इटलीच्या साएको कंपनीनं १९८५ मध्ये आणलं. मूळ कल्पना आजही तीच आहे.

खोक्यावर ‘१५ बार’ ठळक अक्षरांत छापलेलं असतं. तो पंपाचा जास्तीत जास्त दाब. एस्प्रेसोला लागतो ९ बारच्या आसपास. त्यामुळे १५ की १९ यावर डोकं शिणवू नका.

तो दाबणारा-गाळणारा भाग, म्हणजे ब्रू युनिट, हे मशीनचं पोट. फिलिप्स, डेलाँगी यांच्या घरगुती मशीनमध्ये दार उघडून ते बाहेर काढता येतं आणि नळाखाली धुता येतं. जुराच्या मशीनमध्ये ते आतच बसवलेलं असतं आणि गोळी टाकून साफ करावं लागतं. दोन्ही पद्धतींचे चाहते आहेत. पण आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात मला माझ्या डोळ्यांनी आत बघता आलेलं बरं वाटतं, म्हणून मी निघणाऱ्या युनिटच्या बाजूनं आहे. आमच्या मशीनचं दार उजव्या अंगाला आहे आणि ओट्यावर त्याच्या उजवीकडे नेमका फ्रिज. दर रविवारी अख्खं मशीन पुढे ओढावं लागतं. दुकानात जाण्याआधी ओट्याची खोली, वरच्या कपाटाची उंची आणि दोन्ही बाजूंची जागा मोजून जा. बिया वरून टाकायच्या असतात, त्यासाठी झाकण उघडायला वर हातभर जागा लागते. आणि मशीन साधारण १,५०० वॉटचं असतं, तेव्हा मिक्सरच्या साध्या प्लगवर न लावता मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावा.

आता पाणी. या विषयावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे.

पुण्याला येणारं खडकवासला धरणाचं पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी. कोथरूडला माहेरी वीस वर्षांच्या गीझरची कॉइल स्वच्छ आहे. आमच्या सोसायटीत मात्र एप्रिल-मेमध्ये टँकर येतात, ते बोअरचं पाणी, आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. तोच थर मशीनच्या आतल्या बारीक नळ्यांत आणि पाणी तापवणाऱ्या भागात बसतो. मेच्या शेवटी कॉफीची धार बारीक झाली, कप कोमट येऊ लागला. मशीननं क्षार काढायची सूचना मात्र दिलीच नव्हती.

कारण नंतर कळलं. यातली बहुतेक मशीन आत किती क्षार साठला ते मोजत नाहीत. किती पाणी वाहिलं ते मोजतात, आणि तुम्ही पाण्याच्या जडपणाचा, म्हणजे त्यातल्या क्षारांचा, जो आकडा दिला असेल त्यावरून अंदाज बांधतात. खोक्यात एक कागदी पट्टी असते. ती पाण्यात बुडवायची, रंग बघायचा आणि तो आकडा मशीनमध्ये भरायचा. आम्ही पाडव्याला ती पट्टी बुडवली तेव्हा महापालिकेचं पाणी येत होतं. मशीन बिचारं मेमध्येही त्याच हिशेबानं चाललं. आता मी वर्षातून दोनदा, टँकर सुरू होताना आणि बंद होताना, पट्टी नव्यानं बुडवते. तुमच्याकडे पाणी मिसळून येत असेल तर सरळ सगळ्यात जड पाण्याचा आकडा भरून ठेवा. क्षार थोडे लवकर काढावे लागतील, एवढंच.

आरओचं पाणी टाकावं का, असं मला तिघींनी विचारलं. अगदी निखळ आरओच्या पाण्याची कॉफी फुळकवणी लागते, आणि काही मशीनना टाकीत पाणी आहे हेच ओळखता येत नाही, कारण सेन्सरला पाण्यात थोडे क्षार लागतात. आमच्या आरओला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह आहे. दुरुस्तीला येणाऱ्या दादांकडून तो ८०च्या आसपास लावून घेतला आणि तेव्हापासून तेच पाणी वापरते. क्षार काढायला कंपनीचंच द्रावण घ्या. व्हिनेगर टाकू नका, आतल्या रबराला ते सोसत नाही आणि वास पुढचे कितीतरी कप जात नाही. एकदा सुरू केलं की अर्धा तास लागतो, मध्ये थांबवू नका. गुरुवारी तर हे काम हातात घेऊच नका. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी बऱ्याचदा वीज जाते, पाणीही जातं, आणि क्षार काढायचं आम्ल आत अडकून राहतं.

दुधाची गोष्ट वेगळी. आपण पिशवीचं दूध आणतो, उकळतो, साय धरतो. ते दूध तसंच मशीनच्या भांड्यात ओतलं तर सायीचे तुकडे बारीक वाटेत अडकतात आणि फेस येण्याऐवजी नुसते फुर्र फुर्र बुडबुडे येतात. उकळलेलं दूध फ्रिजमध्ये पूर्ण गार करायचं आणि बारीक गाळणीतून गाळून घ्यायचं. फेस धरतो तो दुधातल्या प्रथिनांमुळे, आणि थंड दुधाचा तो जास्त चांगला येतो. गाईचं दूध आमच्या मशीनला छान मानवलं. म्हशीच्या दुधाची चव दाट, पण फेस लवकर बसतो.

आमच्या मशीनचं दुधाचं भांडं दोन भागांचं आहे, आत नळी नाही. वाहत्या पाण्याखाली पंधरा सेकंदांत धुऊन होतं. नणंदेच्या मशीनला लांब रबरी नळी आहे. तिनं एकदा ती रात्रभर तशीच ठेवली आणि सकाळी आतून आंबट वास. नळी वाईट असं नाही, तिलाही ब्रश मिळतो. पण रोज सकाळी सव्वासातला डबे भरताना तुम्ही तो ब्रश हातात घ्याल का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा आणि मगच घ्या.

जूनमध्ये दुसरा धडा. बियांचा डबा हवाबंद नसतो. पाव किलो बिया एकदम ओतल्या आणि चार दिवसांत त्या मऊ पडल्या, सुगंध गेला, कप पिचपिचीत. आता दोन दिवसांपुरत्याच टाकते, बाकी पिशवी क्लिप लावून बंद. बिया चिकमंगळूरच्या किंवा कोडगूच्या, मध्यम भाजलेल्या घेतो. पिशवीवर भाजल्याची तारीख छापलेली असेल तरच घेते, आणि महिना-दीड महिन्यात संपवते. दिवाळीत दिरांनी प्रेमानं काळ्याकुट्ट, तेलानं चकाकणाऱ्या बिया आणल्या. त्या एकमेकींना चिकटून डब्यात कमान धरून बसल्या. खाली काहीच उतरेना, आणि वर डबा भरलेला असूनही मशीन म्हणे ‘बिया संपल्या’. फार गडद भाजलेल्या, तेलकट बिया या मशीनसाठी नाहीतच.

गौरी-गणपतीला नऊ दिवस चिपळूणला गेलो. निघायच्या गडबडीत चोथ्याचा डबा रिकामा करायचा राहिला. आल्यावर उघडला तर वड्यांवर हिरवट-पांढरी बुरशी, आणि ब्रू युनिटवरही. मला अक्षरशः रडू आलं. सगळं काढून गरम पाण्यानं धुतलं, दोन दिवस उन्हात वाळवलं. मशीन सुरू झालं, पण आठवड्याभरात युनिट आत अडकलं ते बाहेरच येईना. सर्व्हिसचा माणूस यायला अकरा दिवस लागले. त्यानं दहा मिनिटांत काम केलं. युनिटवरच्या रबरी कड्या कोरड्या पडल्या होत्या. त्यानं त्यांना खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटभर लावलं आणि ‘दर दोन महिन्यांनी हे लावत जा ताई’ म्हणाला. ग्रीसची ती छोटी ट्यूब खोक्यातच होती, पाडव्यापासून न उघडलेली. घेण्याआधी एवढं नक्की विचारा: सर्व्हिस पुण्यात आहे, की मशीन मुंबईला पाठवावं लागतं?

चवीबद्दल थोडं. पहिल्या आठ-दहा कपांवरून मत बनवू नका, तोवर मशीन आणि तुम्ही दोघंही सावरत असता. कॉफी आंबट, पातळ आली तर दळण एक खूण बारीक करा. कडू आली, थेंब थेंब पडू लागली तर जाड करा. दळण बारीक-जाड करायची कळ मशीन दळत असतानाच फिरवायची, आणि फरक दोन-तीन कपांनंतर दिसतो. मोठा मग हवा म्हणून तेवढ्याच पुडीतून जास्त पाणी जाऊ देऊ नका, शेवटचं पाणी नुसता कडवटपणा ओढून आणतं. छोटी कॉफी काढा आणि वरून गरम पाणी घाला.

खर्चाचा हिशेब: ५२० रुपयांची पाव किलोची पिशवी, कपाला ९ ग्रॅम, म्हणजे २७ कप. बियांचे १९ रुपये, दुधाचे सात-आठ. बाहेर दोनशेच्या पुढे जाणारा कापुचिनो घरी तिसाच्या आत पडतो. पण आधी बाहेर महिन्याला चारच कप पीत असाल तर हा हिशेब कधीच जुळणार नाही.

ज्यांना पुण्याच्या वैशाली हॉटेलातल्या फिल्टर कॉफीची चव घरी हवी आहे त्यांनी हे मशीन घेऊ नये. ती चव सावकाश ठिबकणाऱ्या डिकॉक्शनची, म्हणजे कॉफीच्या दाट अर्काची. फिल्टर कॉफीच्या पुडीत बहुधा चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड, असते, आणि ती पूड मशीनच्या तयार पूड टाकायच्या कप्प्यात टाकली तर भिजून चिकट लगदा होतो. स्टीलचा फिल्टर आणा, हजाराच्या आत काम होईल.

आमच्या सासूबाईंना मशीनची कॉफी पहिले दोन महिने आवडली नाही. ‘अगं, कोमट आहे ही,’ असंच म्हणायच्या. त्यांचं बरोबर होतं. फेसाचं दूध साठ-पासष्ट अंशांपर्यंतच तापतं, त्याहून वर गेलं की फेस मोडतो. आपल्याला उकळत्या चहाची सवय. कप आधी गरम पाण्यानं विसळून पाहिला, तापमान सगळ्यात वर ठेवलं, फरक पडला पण पुरेसा नाही. आणि त्यांच्या कॉफीत जायफळ हवंच.

शेवटी जूनमधल्या एका पावसाळी दुपारी आम्ही दोघींनी मिळून वाट काढली. गॅसवर छोट्या पातेल्यात दूध, साखर आणि किसलेलं जायफळ घालून एक उकळी आणायची. मशीनमधून घ्यायचा फक्त एस्प्रेसो, सगळ्यात दाट, तीस मिलीचा. पातेलं उतरवायचं आणि मग त्यात तो ओतायचा, कॉफी घालून पुन्हा उकळायचं नाही. त्यांनी पहिला घोट घेतला आणि कप ओट्यावर ठेवलाच नाही, तसाच हातात धरून बाल्कनीत गेल्या. तेव्हापासून रोज चार वाजता हीच कॉफी होते. बटण त्या स्वतः दाबतात, आणि चोथ्याचा डबाही त्याच कुंड्यांकडे नेऊन रिकामा करतात, वाळक्या पानांत मिसळून.