मोठं संकुल की छोटी इमारत? गेट बघून ठरवू नका

घर बदलायचं ठरलं की बऱ्याच कुटुंबांपुढे शेवटी दोन पर्याय उरतात. एक, चार-पाचशे फ्लॅटचं गेटबंद संकुल: सिक्युरिटी, कॅमेरे, क्लबहाऊस, पोहण्याचा तलाव, सगळं आतच. दुसरा, दहा-पंधरा बिऱ्हाडांची सुटी इमारत: एक जिना, एक लिफ्ट आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं की रस्ता. दोन्ही घरं आवडलेली असतात, आणि मग 'सेफ्टी'च्या मुद्द्यावर संकुलाचं पारडं आपोआप जड होतं. ते आपोआप होऊ नये, म्हणून हा आढावा. सुरक्षितता म्हटलं की डोळ्यांसमोर चोर येतो. आग, मागे येणारी गाडी, गंजलेला गज, वर्षानुवर्षं पुढे ढकललेली दुरुस्ती यांचा विचार घर घेताना सहसा होत नाही, आणि दोन पर्यायांतला खरा फरक तिथेच आहे.

चोरी आणि अनोळखी माणसं

अमेरिकेतले वास्तुविशारद ऑस्कर न्यूमन यांनी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या दोन सरकारी वसाहतींची तुलना मांडली. दोन्ही समोरासमोर, लोकवस्तीची दाटी जवळपास सारखी. एकीत १४ मजली उंच इमारती, दुसरीत ३ ते ६ मजली. गुन्हे उंच इमारतींच्या वसाहतीत जास्त होते, आणि उंच इमारतींत ते विशेषतः लॉबीत, लिफ्टमध्ये, जिन्यात घडत होते. म्हणजे जिथे सगळ्यांचा वावर असतो पण ही जागा आपली असं कुणालाच वाटत नाही, अशा ठिकाणी. पुढे त्यांच्या मांडणीवर टीका झाली. सामाजिक कारणांना त्यांनी कमी वजन दिलं, असं म्हटलं गेलं. तो आक्षेप मान्य केला तरी त्यांचा एक प्रश्न घर बघताना फार उपयोगी पडतो: तुमचं प्रवेशद्वार आणि तुमची लिफ्ट किती कुटुंबं वापरतात?

संकुलात एकूण फ्लॅट किती, यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा. पाचशे फ्लॅटचं संकुल असलं तरी प्रत्येक विंगला स्वतंत्र लॉबी आणि मजल्यावर दोनच घरं असतील, तर चेहरे ओळखीचे होतात. मजल्यावर आठ-दहा दारं असतील तर कॉरिडॉरमध्ये उभा असलेला माणूस पाहुणा, भाडेकरू की आणखी कुणी, हे शेजाऱ्यालाही सांगता येत नाही. गेटवरच्या गार्डला तर त्याहून नाही. दिवसभर डिलिव्हरीवाल्यांची रीघ असते, एजन्सी गार्ड बदलत राहते, आणि नोंद होते ती माणसाची नव्हे, फोन नंबरची. छोट्या इमारतीत रात्री वॉचमन नसेलही, पण जिन्यात नवा माणूस दिसला तर "कुणाकडे?" असं विचारणारं कुणीतरी असतं. अर्थात, ते विचारणारे दिवसा घरी असतात का, हे बघा. सगळी बिऱ्हाडं सकाळी कुलूप लावून बाहेर पडत असतील तर हा फायदा उरत नाही.

कॅमेऱ्यांवर झालेले अभ्यास एकत्र पाहिले तर सर्वांत ठळक उपयोग दिसतो तो पार्किंगमध्ये, गाड्यांच्या चोऱ्या कमी होण्यात. हिंसक गुन्हे त्याने कमी झाल्याचं तितकं स्पष्ट दिसत नाही. तेव्हा कॅमेरे किती आहेत ते विचारू नका. पार्किंगच्या कोपऱ्यात आहे का, रेकॉर्डिंग किती दिवस ठेवतात आणि ते बघायचा अधिकार कुणाला, एवढं विचारा.

आग: इथे घाई करू नका

१४ जून २०१७ रोजी लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रिजने पेट घेतला. २४ मजल्यांची इमारत, जिना एकच. नूतनीकरणात बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळे आग वरपर्यंत चढली आणि ७२ माणसं गेली. रहिवाशांना घरातच थांबायला सांगण्याची पद्धत होती, आणि ती सूचना फार उशिरा मागे घेतली गेली. इमारतीतल्या आगीच्या धोक्याबद्दल रहिवाशांच्या एका गटाने त्याआधी वर्षानुवर्षं लिहिलं होतं.

मोठ्या संकुलात आग विझवायची सामग्री कागदावर भरपूर असते. ती चालू आहे का, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. वरच्या एखाद्या मजल्यावर होज बॉक्स, म्हणजे आग विझवायच्या पाइपाची पेटी, उघडा. आत पाइपाच्या टोकाला पितळी नोझल आहे का? ते भंगारात विकलं जातं, म्हणून सगळ्यात आधी गायब होतं. व्हॉल्व्हचं चाक जागेवर आहे का? फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? मग खाली पंपरूममध्ये जा आणि पॅनलवरची खिटी 'ऑटो'वर आहे की 'मॅन्युअल'वर, ते बघा. मॅन्युअलवर असेल तर आग लागल्यावर आधी कुणीतरी पळत जाऊन पंप सुरू करायला हवा. शेवटी जिन्याचं फायर डोअर. ते आपोआप बंद व्हायला हवं. झाडाची कुंडी टेकवून ते सताड उघडं ठेवलेलं दिसलं, तर धूर जिन्यात शिरायची सोय करून ठेवली आहे असं समजा.

छोट्या इमारतीत ही सामग्री तुटपुंजी असते, हे खरं. पण चौथ्या मजल्यावरून माणूस आपल्या पायांनी खाली उतरू शकतो, आणि तिथवर अग्निशमन दलाची शिडीही पोहोचते. तिथली खरी भीती जिन्याखाली असते. विजेचे मीटर, जुनं सामान, चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक दुचाकी, हे सगळं एकुलत्या एका जिन्याच्या तोंडाशी असेल तर सुटकेची वाटच पेटते. शिवाय गल्लीत बंब वळेल का, हेही तिथे उभं राहून बघा, आणि तेही रात्री, सगळ्या गाड्या लागलेल्या असताना.

माझं मत स्पष्ट आहे: विसाव्या मजल्यावरचं घर आणि बंद पडलेली अग्निशमन यंत्रणा, हा सौदा कुठल्याही क्लबहाऊससाठी करू नये.

मुलं आणि म्हातारी माणसं

मुलांसाठी संकुल बरं, हे बहुतेक वेळा खरं ठरतं, पण एका अटीवर. गाड्या तळघरात आणि मुलं वर अशी विभागणी हवी. जिथे मुलं खेळतात तिथूनच गाड्या रिव्हर्स घेत असतील, तर ती जागा रस्त्याइतकीच जोखमीची आहे. ड्रायव्हरला मागचं दोन-अडीच फुटी मूल दिसतच नाही. तलाव असेल तर चारही बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारं दार हवं. बुडणारं लहान मूल बहुतेकदा ओरडत नाही, त्यामुळे "लक्ष असतं आमचं" यावर भिस्त ठेवू नका. गॅलरीचे गज दोन्हीकडे तपासा: उभे गज, त्यांच्यातलं अंतर सुमारे १० सेंटीमीटरच्या आत, आणि पाय ठेवून चढता येईल अशी आडवी पट्टी नको.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं गणित वेगळं आहे. जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत शिकागोत सातशेहून अधिक माणसं दगावली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध बरेच होते. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी तिथल्या शेजारशेजारच्या दोन भागांचा अभ्यास केला. दोन्हीकडे गरिबी होती, एकटे वृद्ध होते, तरी एका भागातला मृत्यूदर दुसऱ्याच्या सुमारे दहापट होता. जिथे माणसं कमी दगावली तिथे रस्ते गजबजलेले होते, दुकानं चालू होती, म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती आणि ती दिसली नाहीत तर ते कुणाच्या तरी लक्षात येत होतं. आई-वडील एकटे राहणार असतील तर म्हणूनच माझा कौल छोट्या इमारतीला, पण लिफ्ट आणि लिफ्टला बॅकअप असेल तरच. संकुलातही असा शेजार जमतो, पण तो जमवावा लागतो, आणि पंचाहत्तरीत नव्याने तो जमवणं जड जातं.

पैसा आणि शब्द कुणाचा चालतो

फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथली १२ मजली निवासी इमारत २४ जून २०२१ च्या पहाटे अर्धी कोसळली आणि ९८ माणसं गेली. पोहण्याच्या तलावाभोवतीच्या डेकखालच्या काँक्रीटची मोठी हानी झाली आहे, असं अभियंत्याने २०१८ मध्येच लिहून दिलं होतं. दुरुस्तीचा खर्च अवाढव्य, शिल्लक निधी अपुरा, वर्गणीवरून रहिवाशांत वाद, यांत वेळ निघून गेला.

म्हणून दोन्हीकडे सिंकिंग फंडाचा, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीचा, आकडा आणि मागच्या दोन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागा. इतिवृत्तात घराचं पुढचं आयुष्य वाचता येतं. गळती, लिफ्ट, प्लॅस्टर हे विषय दर वर्षी तेच येत असतील आणि पुढे 'चर्चा झाली' एवढंच लिहिलेलं असेल, तर पैसे नाहीत किंवा एकमत नाही. संकुलात मेंटेनन्स जास्त, पण मोठा खर्च शेकडो घरांत वाटला जातो. तिथे तुमचं मत मात्र शेकडोंतलं एक. छोट्या इमारतीत तुमच्या एका मताने निर्णय फिरू शकतो, आणि एका हटवादी सभासदाने सगळ्यांची दुरुस्ती अडूही शकते. थकबाकीदार किती, हेही विचारून घ्या. बारा घरांत तीन थकबाकीदार म्हणजे पाव उत्पन्न बंद.

झोप आणि खासगीपण

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सांगितलं होतं की चांगल्या झोपेसाठी बेडरूममध्ये सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा. छोटी इमारत रस्त्यालगत असेल तर इथे हरते. संकुलात रस्ता लांब असतो, पण बेडरूमची भिंत लिफ्टच्या शाफ्टला लागून किंवा पंपरूमच्या डोक्यावर असेल तर घरघर रात्रभर ऐकू येते. फ्लॅट दुपारी बघून हे कळत नाही. रात्री अकरानंतर एकदा जाऊन उभं राहा.

खासगीपणाबाबत संकुलाला तोटाच आहे. पाहुणे कधी आले, किती वेळ थांबले, कामाला येणाऱ्या बाई कितीला बाहेर पडल्या, याची नोंद अॅपमध्ये साठते. ती किती दिवसांनी पुसतात, याचं नेमकं उत्तर कमिटीकडे नसेल तर ती पुसली जात नाही असंच धरा. छोट्या इमारतीत अशी नोंद नसते, पण समोरच्यांना सगळं ठाऊक असतं. एकट्या राहणाऱ्या तरुण मुलामुलींना हा जाच होतो. त्यांना संकुलातलं अनोळखीपण खरोखर सोयीचं वाटेल.

तरीही दोन्ही पर्याय तुल्यबळ वाटत असतील, तर विकत घेण्याआधी त्याच ठिकाणी अकरा महिने भाड्याने राहा. तेवढ्या काळात वार्षिक सभा होऊन जाते, लिफ्ट एकदा तरी बंद पडते आणि ती किती तासांनी सुरू झाली, हे तुम्ही स्वतः बघितलेलं असतं.