पत्र्याखालची रॅम: ७४ वरून ६६ नॅनोसेकंद, आणि मग मे महिना

डिसेंबरात दीर सुट्टीला आला आणि माझ्या एडिटिंगच्या कॉम्प्युटरचं बायोस (मशीनच्या मूळ सेटिंगचा मेनू) उघडून बसला. "वहिनी, तुमची रॅम झोपा काढतेय!" मी सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. प्रोसेसर रायझन ५ ५६०० आणि डीडीआर४ रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, एक्सएमपीवर (रॅममध्ये आधीच भरून दिलेल्या सेटिंगवर) वेग ३२००, सीएल१६. माझं काही अडत नव्हतं. पण रात्री दोनपर्यंत दोघं जागलो, आणि एआयडीए६४ या चाचणीच्या सॉफ्टवेअरमधली मेमरी लेटन्सी (रॅमकडून माहिती हातात यायला लागणारा वेळ) ७४ वरून ६६ नॅनोसेकंदावर आली. सेटिंग: वेग ३६००, टायमिंग (रॅमच्या आतल्या पायऱ्यांच्या वाटा, पहिला आकडा सीएल) १६-१९-१९-३६, व्होल्टेज १.३५ ऐवजी १.४०. मधे दोनदा स्क्रीन काळीच राहिली, तेव्हा कॅबिनेट उघडून बोर्डावरचा सेल काढला आणि परत बसवला, म्हणजे बायोसची सेटिंग पुसली जातात.

आता आठ महिने झाले. आकडे वाचायला मी नंतर शिकले, तेच आधी सांगते.

सीएल१६ म्हणजे रॅमकडे माहिती मागितल्यावर क्लॉकच्या १६ टिकांची वाट. डीडीआर रॅम दर टिकला दोनदा माहिती पाठवते; ३६०० ला खरं क्लॉक १८०० मेगाहर्ट्झ, म्हणून १६ टिकांना ८.९ नॅनोसेकंद लागतात. ३२०० ला तेच १० होतात. ३६०० सीएल१८ घेतली तर पुन्हा १०, म्हणजे डब्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नका. मग सीएलमध्ये जेमतेम एकच नॅनोसेकंद वाचला असताना एकूण आठ कसे कमी झाले? एआयडीएचा आकडा प्रोसेसरच्या कोअरपासून कॅशे (आतली छोटी झटपट मेमरी), इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग जोडणारी वाट) आणि मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) ओलांडून रॅमपर्यंत जाऊन परत येईपर्यंतचा असतो. रॅमबरोबर फॅब्रिकही १६०० वरून १८०० वर गेलं, बाकीची टायमिंगही आवळली, त्या सगळ्यांचा मिळून हा फरक. फॅब्रिकला रॅमच्या चालीने चालणं जमलं नाही की कंट्रोलर निम्म्या वेगावर येतो आणि लेटन्सी उलट वाढते.

त्याच चाचणीत राइटचा (रॅममध्ये लिहायच्या वेगाचा) आकडा सेकंदाला २८,००० एमबीच्या आसपास आणि रीड (वाचायचा) त्याच्या जवळजवळ दुप्पट. काहीतरी बिघडलं म्हणून मी घाबरले होते. या प्रोसेसरमध्ये एकच कोअर चिपलेट (कोअर असलेला चिपचा तुकडा) आहे, आणि त्याची फॅब्रिककडे लिहायची वाट वाचायच्या वाटेच्या निम्मी आहे. १६ बाइट गुणिले १८०० मेगाहर्ट्झ करून बघा, सेकंदाला २८.८ जीबी येतात. बिघाड नाही, रचनाच तशी. आणि ब्राउझर उघडा ठेवून चाचणी घेतली तर लेटन्सी दोन-तीन नॅनोसेकंद सहज हलते. त्यामुळे एका फेरीवर हुरळू नका.

कामात काय फरक पडला? ४१ मिनिटांचं रेंडर ४० मिनिटांत. बस्स. दिराच्या गेममध्ये मात्र मधले झटके खरंच कमी झाले, ते मी कबूल करते.

माझी खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि लग्नसराईही तेव्हाच. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका हळदीच्या व्हिडिओत नवरीच्या चेहऱ्यावर हिरवे चौकोन आले. आधी मी फाइलवर संशय घेतला, मग मेमरी कार्डवर, शेवटी फोटोग्राफरवरसुद्धा! डिसेंबरात रात्रभर चाललेली टेस्टमेम५ ही रॅमची चाचणी आता वीस मिनिटांत एरर दाखवायला लागली. रॅमचं तापमान ५३ अंश.

दोष माझ्या हावरटपणाचा. सगळं जमतंय म्हणून शेवटी टीआरएफसी (रॅम रिफ्रेश करायला दिलेला वेळ) ५२० टिकांपर्यंत आवळलं होतं, म्हणजे २८९ नॅनोसेकंद. रॅमच्या बारीक कपॅसिटरांतला चार्ज गळत असतो, तो पुन्हा भरायला हा वेळ लागतो. गरम झाल्यावर गळती वाढते आणि आवळलेला वेळ अपुरा पडतो. ५८० केलं, एरर गेले. लेटन्सी वाढली अर्धा नॅनोसेकंद! तेवढ्यासाठी मी नवरीचा चेहरा हिरवा करून बसले होते.

तेव्हापासून टीआरएफसी ५८०, बाकी सगळं तसंच, आणि कॅबिनेटच्या कडेला एक पंखा. जूनपासून एकदाही अडलं नाही. दीर फोनवर ३८०० म्हणतोय. मी एकदा लावून पाहिलं, मशीन सुरूही झालं, पण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदींची रांग लागली. मुकाट्याने ३६०० वर परत आले. टेस्ट यापुढे मे महिन्यात भर दुपारी तीनला, दार लावून.