टेली-मानस 14416: निकालानंतर झोप उडालेल्यांसाठी

फुकटची सेवा म्हटली की आपण आधी नाक मुरडतो. म्हणून पहिलेच सांगते, टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा चांगली आहे.

लोकसभेचं नागपूरचं मतदान 19 एप्रिल 2024 ला, निकाल 4 जूनला. मधला दीड महिना ऊन अन् अंदाज, दोन्ही डोक्यात चढलेले. 3 जूनला एक्झिट पोलच्या भरवशावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला अन् दुसऱ्याच दिवशी चार हजारांच्या वर कोसळला. यांचा रिटायरमेंटचा पैसा म्युच्युअल फंडात! एकट्या कोणत्याच पक्षाला बहुमत नाही, त्यामुळे 9 जूनच्या शपथविधीपर्यंत कोण कुठे उडी मारणार याच्या रोज नव्या पुड्या. त्यात हे एका बाजूचे, माझा भाऊ दुसऱ्या. घरच्या ग्रुपवर दोघांचं असं जुंपलं की भाचीच्या लग्नाचं बोलणं राहिलं बाजूला. मी मात्र रात्री दोनला मोबाइल घेऊन बसलेली, छातीत धडधड.

नागपुरात मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की लोकांना थेट पागलखाना चौकच आठवतो. त्यापेक्षा फोन बरा, म्हणून 14416 लावला. मराठी निवडता येते. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतात. चोवीस तास चालू असते. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली सेवा आहे.

मला आवडलं ते हे की त्या ताईंनी मत कोणाला दिलं ते विचारलंच नाही. मीच सरकार, शेअर, भाऊ असं सगळं ओतत होते. त्या विचारत होत्या: झोपता किती वाजता? जेवण जाते का? धडधड बातम्या पाहिल्यावर होते की आधीपासून? मग बातम्यांसाठी सकाळचा अर्धा तास ठरवून दिला, रात्री फोन दुसऱ्या खोलीत. फंडाचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही, अन् ते त्यांचं कामही नाही.

हे अन् भाऊ अजूनही भांडतात, त्यावर या नंबराचा इलाज नाही. झोप मात्र आली.

कूलरच्या घरघरीत काही ऐकू येत नाही, गच्चीवर जाऊन बोला. 14416 नाही लागला तर 1800-891-4416 लावा, तोही टोल फ्री आहे.