बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेआधीचे तीन महिने : पुण्यातील एका रुग्णालयाच्या पूर्वतयारी सेवेचे परीक्षण

पुण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या बॅरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांच्या, विभागात मी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नाव नोंदवले आणि एप्रिलच्या मध्याला माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. मधल्या तीन महिन्यांत या विभागाने माझ्याकडून जी तयारी करून घेतली, तिचे हे परीक्षण आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण एका बाबतीत माझी तक्रार आहे, ती मी त्यांच्याकडे लेखी नोंदवली आहे आणि दुसऱ्या ठिकाणी शस्त्रक्रिया झालेल्या दोन ओळखीच्या रुग्णांनाही तसाच अनुभव आला होता. माझे वय ४७, उंची १७० सेंटिमीटर आणि तेव्हाचे वजन १२८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४४ होता. नऊ वर्षांचा मधुमेह, रात्रीचे घोरणे आणि छातीतील जळजळ हे त्याच्या जोडीला होते, आणि बावीस वर्षे मी रोज बारा ते पंधरा सिगारेटी ओढत आलो होतो.

पहिल्या भेटीत शल्यचिकित्सकांनी मला जवळजवळ पाऊण तास दिला. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी जठराचे चित्र काढले, वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलिलिटर मावतील एवढी लहानशी पिशवी दाखवली आणि लहान आतडे तिला कोठे जोडले जाते ते पेनने गिरवले. मग त्या सांध्यावर पेनाचे टोक ठेवून ते म्हणाले, "तुमची सिगारेट इथे नडेल." निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील ऑक्सिजनची जागा अडवतो, आणि ज्या सांध्याला भरून येण्यासाठी भरपूर रक्तपुरवठा हवा असतो त्यालाच तो कमी पडतो. तेथे व्रण होऊ शकतो, तो रक्तस्राव करू शकतो, क्वचित फुटूही शकतो, आणि हा धोका शस्त्रक्रियेनंतर कितीही वर्षांनी पुन्हा सिगारेट धरली तरी उभा राहतो. त्याशिवाय भुलीनंतर फुप्फुसात कफ साठणे, जखम उशिरा भरणे आणि पायांतील शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होणे यांचाही धोका वाढतो. किमान सहा आठवडे तंबाखू पूर्ण बंद, आणि बंद झाल्याचे तपासणीत दिसल्याशिवाय शस्त्रक्रियेची खोली मिळणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मला इतक्या वर्षांत सिगारेट सोडण्याचा उपदेश अनेकांनी केला होता, परंतु ती शरीरात नेमकी कोठे आणि कशी घात करेल हे बोट ठेवून कोणी दाखवले नव्हते. तो केसपेपर मी अजून जपून ठेवला आहे.

तपासण्या पुष्कळ होत्या, पण प्रत्येक कशासाठी हे समन्वयक सिस्टरांनी समजावून सांगितले. रक्ताच्या तपासण्यांत ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ आणि ड जीवनसत्त्व दोन्ही कमी निघाले, ते आधीच भरून काढायला हवे होते, कारण बायपासनंतर अन्नातून ते शोषले जाणे आणखी अवघड होते. ईसीजी, टूडी इको, छातीचा एक्स-रे, फुप्फुसांची क्षमता, पोटाची सोनोग्राफी हे सगळे दोन फेऱ्यांत उरकले. एंडोस्कोपीत हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणे) आणि एच. पायलोरी जंतूंचा संसर्ग आढळला. त्यामुळे जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया माझ्यासाठी बाद झाली, कारण तिच्यानंतर जळजळ वाढण्याची शक्यता असते, आणि बायपास ठरली. जंतूंसाठी चौदा दिवसांचा औषधांचा कोर्स झाला. घरी झोपताना लावायच्या यंत्राने झोपेची तपासणी केली, तीत श्वास वारंवार थांबत असल्याचे दिसले आणि शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच, झोपेत हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राची सवय करायला सांगितले गेले. मानसोपचारतज्ज्ञांची भेट मात्र वीस मिनिटांत आटोपली आणि ती केवळ सहीपुरती वाटली.

विम्याचे काम या विभागाने उत्तम केले. आपल्याकडील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय किमान ४० असेल, किंवा किमान ३५ असून अनियंत्रित मधुमेह वा तीव्र निद्राश्वसनरोध (झोपेत श्वास वारंवार थांबणे) यांसारखा गंभीर विकार असेल आणि कमी त्रासाचे उपाय करून झाले असतील, तरच या शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. वैद्यकीय निकष मात्र याहून पुढे गेले आहेत. २०२२ साली या क्षेत्रातील दोन प्रमुख संघटनांनी ही मर्यादा सर्वसाधारणपणे ३५ वर आणि आशियाई लोकांसाठी २७.५ वर आणली. म्हणजे डॉक्टरांच्या मते पात्र असलेला रुग्ण विमा कंपनीच्या मते अपात्र ठरू शकतो, आणि हे समन्वयकांनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला सांगितले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आता तंबाखूकडे येतो, कारण या सेवेचे बळ आणि तिची उणीव दोन्ही तेथेच दिसली.

नोंदणीचा अर्ज इंग्रजीत होता आणि त्यात एकच प्रश्न होता, तुम्ही धूम्रपान करता का. माझ्या शेजारी फलटणकडून आलेल्या साठीच्या एक बाई सुनेबरोबर बसल्या होत्या. सुनेने त्यांच्या वतीने "नाही" या चौकटीत खूण केली आणि ते खरेच होते. थोड्या वेळाने वजन-उंची घ्यायला आलेल्या सिस्टरांनी त्यांच्या दातांकडे पाहिले आणि अगदी हळू आवाजात विचारले, "मावशी, दात कशानं घासता?" "मिश्री लावते की. सकाळी, दुपारी आणि निजताना." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिच्यातील निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात उतरते, आणि अर्जातील उत्तराप्रमाणे त्या बाई तंबाखूपासून पूर्ण मुक्त होत्या. प्रौढांच्या जागतिक तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते आणि धूम्रपान करणारे ४ टक्क्यांच्या आत होते. अशा राज्यात केवळ धूम्रपानाविषयी विचारणारा अर्ज बहुसंख्य तंबाखू वापरणाऱ्यांना सुटू देतो. त्या सिस्टरांच्या दक्षतेला मी पूर्ण गुण देतो, पण एका व्यक्तीच्या दक्षतेवर असे महत्त्वाचे काम सोपवता कामा नये.

मला छातीविकारतज्ज्ञांकडे पाठवण्यात आले. त्यांनी सिगारेट सोडण्यासाठी १ फेब्रुवारी ही तारीख माझ्याकडूनच ठरवून घेतली, ती फाइलवर लिहिली आणि तलफ आवरण्यासाठी निकोटिनचे गम लिहून दिले. गम खाण्याची पद्धत त्यांनी नीट शिकवली. साध्या च्युइंगगमसारखे ते चघळत राहायचे नाही. चार-पाच वेळा सावकाश चावून जिभेला चुरचुर जाणवू लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचे, चुरचुर ओसरली की पुन्हा चावायचे, असे अर्धा तास. रस गिळला तर उचक्या लागतात आणि पोटात जळजळते. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटे ते तोंडात टाकायचे नाही, कारण मग निकोटिन नीट शोषले जात नाही. माझी सिगारेट चहाशी बांधलेली असल्याने ही शेवटची सूचना सर्वांत कठीण गेली, आणि मी कार्यालयाखालच्या टपरीवर जाणेच सोडले.

पहिले तीन दिवस फार वाईट गेले. डोके दुखत होते, झोप तुटत होती, घरात कोणाशी धड बोलवत नव्हते. तलफेची एकेक लाट मात्र पाच मिनिटांच्या पुढे टिकत नाही, हे डॉक्टरांचे म्हणणे मी घड्याळ लावून पाहिले आणि ते खरे निघाले. या काळात रुग्णालयाकडून एकही फोन आला नाही. समुपदेशकाची भेट महिन्यातून एकदा होती आणि मला ती सिगारेट सोडल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी मिळाली. ती पोकळी सिगारेटच्या पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकाने भरून काढली. तेथील समुपदेशकांनी माझे बोलणे ऐकून घेतले आणि पुढे स्वतःहून फोन करून विचारपूसही केली. हजारो रुपये घेणाऱ्या विभागाने निदान पहिल्या आठवड्यात रोज एक फोन करायला काही हरकत नव्हती.

माझी खरी तक्रार यापुढची आहे. शस्त्रक्रिया २४ मार्चला ठरली होती. तिच्या नऊ दिवस आधी लघवीतील कोटिनिनची तपासणी झाली आणि अहवाल पॉझिटिव्ह आला. कोटिनिन हा निकोटिनचे शरीरात विघटन झाल्यावर तयार होणारा पदार्थ असून निकोटिन सिगारेटमधून आले, मिश्रीतून आले की डॉक्टरांनी दिलेल्या गममधून, हा फरक ही तपासणी करू शकत नाही. मी तेव्हा दिवसाला चार गम खात होतो. ते त्यांच्याच डॉक्टरांनी लिहून दिले होते, परंतु त्याची नोंद छातीविकारतज्ज्ञांच्या कागदावरच राहिली, शस्त्रक्रिया विभागाच्या फाइलमध्ये आली नाही. खिडकीवरच्या व्यक्तीने माझ्या पत्नीसमोर मला सांगितले, "साहेब, तुम्ही ओढता आहात, तारीख रद्द झाली आहे." त्रेचाळीस दिवस मी एक झुरकाही घेतला नव्हता. पत्नीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरू शकत नाही, आणि तिचा दोष नव्हता, कारण यापूर्वी मी तिला तीन वेळा खोटे सांगितले होते.

त्याच दुपारी छातीविकारतज्ज्ञांनी मला श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या यंत्रात फुंकायला लावले. गममधून हा वायू येत नाही, त्यामुळे आकडा न ओढणाऱ्या माणसाइतकाच आला आणि पत्नीने तो स्वतः वाचला. शल्यचिकित्सक बाहेर येऊन आमच्याशी बोलले, त्यांनी झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली, पण बायपाससाठी त्यांना गममधील निकोटिनही नको होते, म्हणून ते हळूहळू बंद करून पुन्हा तपासणी करण्याचे ठरले. त्यांचा निर्णय मला पटला. तो फेब्रुवारीतच सांगितला असता तर गम वेळेवर कमी करता आले असते, एवढेच माझे म्हणणे आहे.

या गोंधळाची किंमत आहाराच्या रूपाने मोजावी लागली. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे कमी उष्मांकांचा, अधिक प्रथिनांचा आहार घ्यावा लागतो. स्थूल माणसाचे यकृत चरबीने सुजलेले असते, त्याचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो, आणि दुर्बिणीने काम करताना तो उचलून धरावा लागतो. या आहाराने यकृत आटोपशीर होते. मी तो १० मार्चला सुरू केला होता: तीन वेळा प्रोटीन पावडर, एकदा दुधी किंवा पडवळाची भाजी आणि पनीर, पातळ ताक आणि सूप; भाकरी, भात, साखर यांपैकी काहीही नाही. चौथ्या दिवशी होळी होती आणि घरात पुरणपोळीचा वास भरला असताना मी ताक पीत बसलो होतो. तारीख पुढे गेल्यावर हे दिवस वाया गेले आणि एप्रिलमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आहारतज्ज्ञांबद्दल मात्र मी केवळ चांगलेच लिहू शकतो. त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातील पदार्थांवरून तक्ता बनवला आणि साखरेचे आकडे रोज मागवून घेतले. आहार इतका कमी झाल्यावर मधुमेहाच्या गोळ्या तशाच चालू ठेवल्या तर साखर एकदम उतरू शकते, म्हणून त्या डॉक्टरांकरवी वेळीच कमी केल्या. सिगारेट सुटल्यावर वाढलेले तीन किलो या आहारात उतरले आणि आणखी चारही गेले.

श्वसनाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचे यंत्र दिले होते. नळीतून श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर टिकवायचे. जानेवारीत माझा दुसरा चेंडू अर्ध्यावर थरथरून खाली पडत असे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिसरा वर गेला तेव्हा माझ्या धाकट्या मुलीने टाळ्या वाजवल्या. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञांनी सांगितले की तुम्ही चालायला आणि खोकायला इतक्या लवकर तयार झालात ते या व्यायामामुळे आणि सिगारेट सोडल्यामुळे.

पूर्वतयारीच्या पॅकेजचे मी साडेअठरा हजार रुपये भरले. शल्यचिकित्सक, आहारतज्ज्ञ आणि सिस्टर यांच्या कामासाठी ते वाजवी आहेत. तंबाखू सोडवण्यासाठी जे केले गेले त्याला मी पाचपैकी दोन गुण देतो. अर्ज मराठीत असावा, त्यात तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांची नावे घेऊन विचारावे, आणि दोन विभागांच्या फाइली एकमेकांशी बोलाव्यात, हे मी लेखी कळवले आहे. जो कोणी अशा विभागात नाव नोंदवणार असेल त्याने पहिल्याच भेटीत विचारावे की तपासणी लघवीची होणार की श्वासाची, आणि निकोटिनचे गम किंवा त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टी शस्त्रक्रियेच्या किती दिवस आधी थांबवायची. मिळालेले उत्तर शल्यचिकित्सकांच्या सहीने आपल्या फाइलवर लिहून घ्यावे आणि त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.